जरा आणि जर्जरता : वृद्धांच्या जीवनाचा धम्मदृष्टीने विचार

पहिल्या आर्यसत्याचे विवरण करताना भगवान बुद्धांनी जन्मापाठोपाठ जरेचा उल्लेख केला आहे. आपल्या विहारांतून हे विवरण इतक्या वेळा सांगितले जाते की, ऐकणाऱ्याच्या मनात त्याचा एक ठरीव अर्थ रुजला आहे : म्हातारपण दुःखमय असते, ते कोणालाही चुकलेले नाही, आणि म्हणून त्याविषयी करण्यासारखे काही नाही. यांपैकी पहिली दोन विधाने धम्माला धरून आहेत. तिसरे आपण जोडलेले आहे. घरातील आजी उठताना भिंतीचा आधार घेऊ लागली, तिचे जेवण अर्ध्यावर आले, ती पौर्णिमेला विहारात येईनाशी झाली, की 'आता वय झाले' एवढे म्हणून आपण मोकळे होतो. प्रस्तुत लेखात या तिसऱ्या विधानाचा विचार करावयाचा आहे.

प्रतीत्यसमुत्पादाच्या विवरणात जरेची व्याख्या येते. दात पडणे, केस पिकणे, त्वचेला सुरकुत्या पडणे, आयुष्य ओसरणे, इंद्रिये परिपक्व होऊन मंद होणे ही जरेची लक्षणे तेथे सांगितली आहेत. ती सर्वांना लागू आहेत. परंतु एकाच वयाच्या दोन वृद्धांकडे पाहिले तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. पंच्याहत्तरीची एक बाई शेतावर जाऊन येते, नातवंडांना सांभाळते. तिच्याच वयाची शेजारीण दाराच्या उंबऱ्याशी अडखळते. दोघींचे केस सारखेच पांढरे आहेत. म्हणजे जरा दोघींना आहे. दुसरीला मात्र जरेहून वेगळे असे काहीतरी झाले आहे. त्याला आपण येथे 'जर्जरता' म्हणू.

वार्धक्यवैद्यकाने गेल्या पंचवीस वर्षांत या अवस्थेचा स्वतंत्रपणे अभ्यास केला आहे. अमेरिकेतील डॉ. लिंडा फ्रीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली पासष्ट वर्षे व त्यापुढील वयाच्या पाच हजारांहून अधिक व्यक्तींच्या निरीक्षणावरून जर्जरतेची पाच लक्षणे निश्चित केली. वर्षभरात प्रयत्न न करता सुमारे साडेचार किलो किंवा त्याहून अधिक वजन घटणे, सततचा थकवा, हाताची पकड सैल होणे, चालण्याचा वेग मंदावणे आणि एकूण हालचाल कमी होणे ही ती लक्षणे होत. तीन किंवा अधिक लक्षणे असतील तर व्यक्ती जर्जर समजावी. एक किंवा दोन असतील तर ती त्या वाटेवर आहे असे समजावे. या पाहणीतील सुमारे सात टक्के व्यक्तीच जर्जर आढळल्या, तर निम्म्याच्या आसपास त्या वाटेवर होत्या. कॅनडातील डॉ. केनेथ रॉकवुड यांनी वेगळी पद्धत अवलंबिली. माणसाच्या ठायी साचलेल्या लहानमोठ्या उणिवांची, म्हणजे आजार, अपंगत्व, विस्मरण, ऐकू न येणे इत्यादींची मोजदाद करून त्यांनी जर्जरतेचा निर्देशांक काढला. पद्धती भिन्न असल्या तरी दोहोंचे तात्पर्य एक आहे : वय आणि जर्जरता या दोन गोष्टी एक नव्हेत.

मग जर्जरता म्हणजे नेमके काय? ज्या घरात चार महिन्यांचे धान्य भरून ठेवलेले असते, त्या घराला आठवडाभराचा पाऊस जाणवत नाही. ज्या घराचे पोट हातावर आहे, तेथे एका दिवसाची मजुरी बुडाली तरी चूल पेटत नाही. शरीराचेही असेच आहे. स्नायू, हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू या प्रत्येकापाशी नित्याच्या गरजेपेक्षा अधिक शक्ती शिलकीत असते. ही शिल्लक सर्वच बाजूंनी संपत आली की साधा ताप, एखादा नवा औषधोपचार, किंवा न्हाणीघरातील एक पडणे एवढ्यानेही माणूस खाटेला खिळतो. तरुणाला चार दिवसांत विसर पडणारे दुखणे अशा व्यक्तीचे सारे जीवनमान बदलून टाकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार पासष्ट वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे एक तृतीयांश व्यक्ती दर वर्षी निदान एकदा तरी पडतात. थेरीगाथेतील धम्मा थेरीची कथा या ठिकाणी आठवते. काठीच्या आधाराने भिक्षाटन करणारी ही दुर्बल वृद्धा थरथरत्या अंगाने जमिनीवर कोसळली, आणि त्या क्षणी शरीराचे खरे स्वरूप ओळखून तिचे चित्त मुक्त झाले. थेरीच्या मुक्तीविषयी आदर असावाच. परंतु आपल्या आईच्या पडण्याकडे आपण त्या दृष्टीने पाहू लागलो, तर मांडीचे हाड मोडल्यावर तिने भोगलेल्या महिन्यांना कोण उत्तर देणार?

शरीराची ही शिल्लक कोणाची लवकर संपते, हा प्रश्न विचारल्यावाचून आंबेडकरी वाचकाला पुढे जाता येणार नाही. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाच्या पारंपरिक कथेवर आक्षेप घेतला आहे. वृद्ध, रोगी व मृत मनुष्य प्रथमच दृष्टीस पडल्याने सिद्धार्थाने घर सोडले, हे त्यांना पटणारे नव्हते. या गोष्टी जगात पावलोपावली घडतात. एकोणतीस वर्षांपर्यंत त्या त्याला दिसल्याच नाहीत हे कसे शक्य आहे, असा त्यांचा सरळ प्रश्न आहे. त्याऐवजी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात उद्भवलेला संघर्ष पुढे ठेवला. या बदलाचा अर्थ फार खोल आहे. दुःखाचा उगम केवळ निसर्गक्रमात न पाहता माणसांच्या परस्पर व्यवहारातही पाहावयाचा, हा तो अर्थ होय. वृद्धत्वाच्या बाबतीत या दृष्टीचा अवलंब केला की चित्र पालटते. लहानपणी अर्धपोटी राहिलेली, दहाव्या-बाराव्या वर्षापासून डोक्यावर ओझी वाहिलेली, बाळंतपणानंतर आठवड्याभरात कामावर गेलेली स्त्री साठीत जर्जर होते, तेव्हा तिला काळाने जर्जर केले असे म्हणणे ही अर्धीच गोष्ट झाली. दारिद्र्य, अल्पशिक्षण आणि जर्जरता यांचा निकट संबंध देशोदेशींच्या पाहण्यांतून पुन्हा पुन्हा आढळला आहे. स्त्रिया पुरुषांपेक्षा अधिक जगतात, परंतु अधिक जर्जर होऊन जगतात, हेही त्यांतून दिसते. मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशातील पंचेचाळीस वर्षांवरील सुमारे बहात्तर हजार लोकांची पाहणी केली. तिचा अहवाल आपल्या कार्यकर्त्यांनी अवश्य चाळावा.

आता उपायांकडे वळू. जर्जरता ही एकाच दिशेने जाणारी वाट नाही. तिच्या आरंभीच्या टप्प्यांवरून माणूस मागे फिरू शकतो, आणि पुढच्या टप्प्यांवरही तिची गती रोखता येते. यात औषधांचा वाटा थोडा आहे. किंबहुना अनेक वृद्धांच्या बाबतीत नको असलेली औषधे डॉक्टरांच्या सल्ल्याने कमी करणे हाच उपचार ठरतो. मुख्य वाटा आहार व व्यायाम यांचा आहे. वृद्धाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे दररोज एक ते सव्वा ग्रॅमच्या दरम्यान प्रथिने मिळावीत, असे तज्ज्ञांचे मत आहे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच. आपल्या घरांत प्रत्यक्षात काय घडते? दात गेले म्हणून म्हातारीच्या ताटात चहात कुस्करलेली भाकरी किंवा पातळ भात येतो. अंडे, मटकीची उसळ, सुकट हे कमावत्या मुलाच्या ताटात जाते. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. म्हाताऱ्या माणसाला 'हलके' अन्न हवे, ही समजूत असते. आणि म्हातारीही तेच म्हणते, कारण आयुष्यभर तिने शेवटचे ताट घेतले आहे. मऊ शिजवलेली डाळ, अंड्याची बुर्जी, शेंगदाण्याचे कूट, ताक यांना दात लागत नाहीत.

व्यायामाविषयी तर समजुती याहून घट्ट आहेत. बॉस्टन येथे १९९० साली डॉ. मारिया फियातारोन यांनी वृद्धनिवासातील नव्वदीच्या दहा व्यक्तींकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांचे बळ दुपटीहून अधिक वाढले. अमेरिकेतच पुढे सत्तर ते एकोणनव्वद वर्षे वयाच्या १६३५ व्यक्तींवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाला नियमित चालणे, पायांचे बळ व तोल सांभाळणे यांचा व्यायाम दिला गेला. दुसऱ्या गटाला आरोग्यविषयक व्याख्याने ऐकविण्यात आली. सुमारे अडीच वर्षांनंतर, चारशे मीटर अंतर स्वतः चालून जाण्याची क्षमता गमावण्याचे प्रमाण व्यायाम करणाऱ्या गटात अठरा टक्क्यांनी कमी आढळले. व्याख्यानांची हौस असलेल्या आपल्या समाजाने या तुलनेची नोंद घ्यावयास हरकत नाही.

हे सर्व धम्माच्या बाहेरचे आहे, असे कोणी समजू नये. चुल्लवग्गातील एक प्रसंग येथे विस्ताराने सांगण्याजोगा आहे. वैशालीत उपासकांकडून भिक्खूंना उत्तमोत्तम भोजने मिळू लागली, तेव्हा भिक्खूंची शरीरे जड होऊन ते आजारी पडू लागले. काही कामानिमित्त तेथे आलेल्या वैद्य जीवकाच्या हे ध्यानात आले. त्याने भगवंतांकडे जाऊन भिक्खूंसाठी चंक्रमण-स्थान व उष्ण स्नानगृह यांची अनुमती मागितली, आणि ती देण्यात आली. वैद्याचा सल्ला विनयाचा भाग झाला. परंतु कथा येथे संपत नाही. चंक्रमणाची जागा खडबडीत होती, भिक्खूंचे पाय दुखू लागले. ती सपाट करण्यास अनुमती मिळाली. जागा सखल होती, पाणी शिरू लागले. ती उंच करण्यास अनुमती मिळाली. उंच झाल्यावर चढता येईना, म्हणून पायऱ्या आल्या. पायऱ्या चढताना भिक्खू पडू लागले, म्हणून हाताला धरावयास कठडा आला. चालता चालता कडेवरून पडू लागले, म्हणून भोवती वेदिका आली. विनयपिटकाचे असे भाग कंटाळवाणे म्हणून आपण गाळतो. मला मात्र ते पुन्हा पुन्हा वाचावेसे वाटतात. माणूस पडतो हे तेथे प्रत्यक्ष पाहिले गेले आहे, आणि पडल्याबद्दल त्याला बोल न लावता जागा बदलली आहे. वृद्धाच्या घरासाठी आजचे तज्ज्ञ हेच सांगतात : न्हाणीघरात धरावयास दांडी, रात्री मंद दिवा, निसरडी फरशी नको, वाटेत पायपुसणी नको.

अंगुत्तरनिकायात चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले आहेत. प्रवासाची क्षमता, प्रयत्नाची क्षमता, आरोग्य, अन्नाचे पचन आणि चित्ताची टिकून राहणारी एकाग्रता हे ते लाभ होत. पाचांपैकी निदान तीन शरीराचे आहेत.

शरीराचे बळ हा प्रश्नाचा एक भाग झाला. वृद्धाचे जीवन चांगले आहे की नाही हे केवळ त्याने ठरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जीवनाच्या गुणवत्तेची जी व्याख्या केली आहे, तीत ती व्यक्ती स्वतःच्या जीवनाकडे, आपल्या संस्कृतीच्या व मूल्यांच्या संदर्भात आणि आपल्या अपेक्षा व चिंता यांच्या अनुरोधाने, कशी पाहते यावर भर आहे. वृद्धांसाठी तयार केलेल्या प्रश्नावलीत इंद्रियांची क्षमता, स्वायत्तता, आजवरच्या व पुढच्या जीवनाविषयीचे समाधान, समाजातील सहभाग, मृत्यूविषयीची भावना आणि जिव्हाळ्याचे संबंध असे सहा विभाग आहेत. यांतला केवळ पहिला विभाग निखळ शरीराचा आहे.

नकुलपिता या वृद्ध उपासकाचे उदाहरण सर्वश्रुत आहे. भग्ग देशातील सुंसुमारगिरी येथे, भेसकळावनात तो भगवंतांना भेटला आणि आपण जीर्ण, वृद्ध व सदा आजारी असल्याचे त्याने सांगितले. शरीर आजारी असले तरी चित्त आजारी होऊ देणार नाही असा अभ्यास कर, असे भगवंतांनी त्याला सांगितले. पुढे सारिपुत्तांनी त्याचा अर्थ उलगडला. हा उपदेश वृद्धाने स्वतःसाठी घ्यावयाचा आहे. मुलाने किंवा सुनेने तो वृद्धाला ऐकवावयाचा नाही. 'मन खंबीर ठेवा' असे सांगून डोळ्यांतील मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलणे हा या सुत्ताचा विपर्यास आहे.

याच दांपत्याचा दुसरा प्रसंग अंगुत्तरनिकायात येतो, तो तुलनेने कमी सांगितला जातो. नकुलपिता गंभीर आजारी होता. नकुलमातेने त्याच्या मनातील न उच्चारलेल्या काळज्या एकेक करून स्वतः बोलून दाखविल्या. तुमच्या मागे मुलांचे कसे होईल असे वाटत असेल, तर मला सूत कातता येते, लोकर पिंजता येते, मी घर चालवीन. मी दुसरे घर करीन असे वाटत असेल, तर ते मनातून काढा. भगवंतांचे व संघाचे दर्शन मी सोडणार नाही. अशा रीतीने तिने त्याला चिंतामुक्त केले. नकुलपिता त्या दुखण्यातून उठला आणि काठी टेकीत भगवंतांच्या भेटीला गेला; अशी पत्नी लाभली हे तुझे भाग्य, असे भगवंत त्याला म्हणाले. या प्रसंगात चमत्कार शोधण्याचे कारण नाही. ज्या गोष्टी घरातील सर्वांना ठाऊक असतात पण कोणी बोलत नाही, त्या येथे बोलल्या गेल्या. आणि बरा झालेला नकुलपिता काठी घेऊनच चालतो; त्याची जरा गेली नाही.

संयुत्तनिकायातील महासाल ब्राह्मणाची कथा याच्या उलट टोकाची आहे. चार मुलांनी व सुनांनी मिळून घराबाहेर काढलेला हा एके काळचा धनिक फाटक्या वस्त्रांनिशी भगवंतांसमोर आला. भगवंतांनी त्याला काही गाथा शिकविल्या आणि सभा भरलेली असताना, मुले तेथे बसलेली असताना, त्या म्हणावयास सांगितल्या. अशा मुलांपेक्षा हातातील काठी बरी, कारण ती अंधारात पुढे होते, खोल पाण्यात तळ दाखविते, असा त्या गाथांचा आशय आहे. मुलांनी त्याला घरी नेले, स्नान घातले, वस्त्रे दिली. येथे भगवंतांनी मुलांना बोलावून उपदेश केला नाही. म्हाताऱ्याला त्याचा आवाज परत दिला. माता-पिता व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहासाठी २००७ साली केलेल्या कायद्यानेही न्यायाधिकरणासमोर स्वतः दाद मागण्याचा अधिकार वृद्धाला दिला आहे. तेथवर जाण्याचे धैर्य कितीजणांना होते, हा भाग निराळा.

स्वायत्ततेचा विषय निघाला की 'अत्तदीप' या शब्दाकडे यावेच लागते. स्वतःच स्वतःचा दीप व्हा, या उपदेशाचा अर्थ कोणाचाही आधार घेऊ नका असा पुष्कळदा केला जातो. कित्येक वृद्ध कार्यकर्ते काठी घेणे, कानाला यंत्र लावणे कमीपणाचे मानतात ते यामुळेच. पण हा उपदेश कोणत्या परिस्थितीत झाला ते पाहावे. वैशालीजवळच्या बेलुव गावी वर्षावासात भगवंत अतिशय आजारी झाले होते. त्यातून उठल्यावर आनंदाशी बोलताना त्यांनी आपले वय ऐंशी असल्याचे सांगितले आणि आपल्या शरीराला दुरुस्त्या करून कसेबसे चालविलेल्या जुन्या गाड्याची उपमा दिली. अत्तदीपाचा उपदेश याच संभाषणात, या उपमेनंतर येतो. पुढे कुसिनाऱ्याच्या वाटेवर ते थकतात, चीवराची घडी घालून अंथरावयास सांगतात, पाणी मागतात. श्रावस्तीच्या पूर्वारामात मावळतीच्या उन्हात पाठ शेकीत बसले असता आनंद त्यांचे अंग चोळतो, आणि शरीर वाकल्याचे, त्वचा सैल झाल्याचे उघडपणे बोलतो. भगवंत ते नाकारीत नाहीत. पावा येथे मल्लांच्या नव्या सभागृहात पाठ दुखू लागली तेव्हा त्यांनी सारिपुत्ताला धम्म सांगावयास लावले व स्वतः विश्रांती घेतली. स्वतःच्या विवेकावर उभे राहणे आणि दुसऱ्याच्या हाताचा आधार घेणे यांत त्यांना विरोध दिसला नाही. नागपूर येथे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षा देणारे महास्थविर चंद्रमणी वयोवृद्ध होते, आणि ती घेणारे बाबासाहेब मधुमेहाने व संधिवाताने थकलेले होते, हेही विसरता कामा नये.

त्या दिवशी जे पंधरा-वीस वर्षांचे होते, ते आज पंच्याऐंशी-नव्वदीच्या घरात आहेत. त्यांच्या नंतर ती दीक्षा प्रत्यक्ष पाहिलेले कोणी उरणार नाही. त्यांच्यापैकी अनेकांचे विहारात येणे थांबले आहे, आणि ते का थांबले याची चौकशी क्वचितच होते. एका विहारात वैशाख पौर्णिमेला मी पाहिले, ते सांगतो. ऐंशी ओलांडलेली एक उपासिका चपला काढण्याच्या पायरीवर बसून आत चाललेली वंदना म्हणत होती. तिला संपूर्ण परित्राणपाठ मुखोद्गत होता. खाली बसले तर उठता येत नाही, म्हणून ती आत जात नव्हती. भिंतीलगत चार खुर्च्या मांडाव्यात असे सुचविले, तेव्हा बुद्धमूर्तीसमोर उच्चासनावर बसणे हा अनादर होईल, असा आक्षेप काहींनी घेतला.

आक्षेप प्रामाणिक होता, म्हणून त्याचे उत्तर विनयातूनच देणे योग्य होते. सेखिय नियमांत, नीच आसनावर बसून उच्चासनावरील व्यक्तीला धम्म सांगू नये, तसेच हातात दंड असलेल्याला धम्म सांगू नये, असे नियम आहेत खरे. पण या दोन्ही नियमांत ती व्यक्ती आजारी नसेल तर, अशी अट घातलेली आहे. चुल्लवग्गात तर काठीवाचून चालता न येणाऱ्या आजारी भिक्खूला संघाने काठीची संमती द्यावी असे स्वतंत्रपणे सांगितले आहे. हे वाचून दाखविल्यावर वाद मिटला. पुढच्या पौर्णिमेला त्या विहारात भिंतीलगत सहा खुर्च्या होत्या आणि त्यांपैकी पाच भरल्या होत्या. पायऱ्यांचा कठडा अद्याप व्हावयाचा आहे.